युद्ध नसलं तरी चालतं, नुकसान मात्र हवं

ताई, नमस्कार. उबदार फँटसी-प्रेमकथा म्हणून सुचवलेली कादंबरी तुम्ही मिरजेत मागवून वाचलीत आणि कळवलंत ते असं: राजधानी सोडून आलेली चेटकीण बंदरावर चहाचं दुकान काढते, शेजारच्या होडीवाल्याच्या प्रेमात पडते, साडेतीनशे पानांत ना युद्ध ना खलनायक, शेवट पन्नासाव्या पानावरच कळतो. म्हणजे हा प्रकारच पोकळ.

पुस्तकावरची नाराजी रास्त आहे. साहित्यप्रकाराबद्दलचा निकाल मात्र पटत नाही.

शेवट आधी कळणं हा प्रेमकथेत दोष नव्हे. गोड शेवट हा वाचकाशी केलेला करारच असतो. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांचं नाटक ‘संगीत संशयकल्लोळ’ बघा. अश्विनशेठ आणि रेवती एकत्र येणार, हे प्रेक्षक गृहीत धरूनच बसतो. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, तिच्याजवळची अश्विनशेठची तसबीर पडते, ती फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते, आणि नवरा-बायको दोघंही एकमेकांवर संशय घ्यायला मोकळे. एवढ्याशा तसबिरीवर अख्खं नाटक उभं राहतं. राज्य बुडत नाही, पण प्रत्येक प्रवेशात कुणाची तरी अब्रू किंवा विश्वास पणाला लागलेला असतो.

तुमच्या कादंबरीत पणाला काय लागलंय? किटली आपोआप उकळते, गिऱ्हाइकांची पहिल्या दिवसापासून रांग, दूध नासत नाही, जागेच्या भाड्याचा उल्लेखसुद्धा नाही. जादू वापरून चेटकिणीला साधा थकवाही येत नाही. पुस्तक फसलंय ते इथे. ट्रॅव्हिस बाल्ड्रींच्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’मध्येही (२०२२) लढाया सोडून आलेली नायिका दुकानच काढते, कॉफीचं. पण त्या शहराला कॉफी म्हणजे काय हेच माहीत नसतं. सुरुवातीला दुकान ओस, मग फुकट चव द्यावी लागते, आणि जरा बस्तान बसतंय तोवर हप्ता मागणारे दारात. खलनायक दुय्यमच; धंदा बुडण्याची भीती खरी.

अशा कथेला पकड येते ती कामातून. हरिपूरची हळदीची पेवं घ्या, म्हणजे जमिनीखालची कोठारं. (२००५च्या महापुरात त्यातली बरीचशी गेली, याची हळहळ आजही वाटते.) आत हवा खेळत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. पण त्याच कारणाने पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस गुदमरेल. म्हणून तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. विझला की थांबायचं. तळाशी जाईपर्यंत जळत राहिला, तरच माणूस उतरणार. कुणी शत्रू नाही, तरी कंदील खाली जात असताना वाचक पुस्तक मिटणार नाही. कादंबरीतल्या जादूला असाच नियम लागतो: जे माल राखतं तेच माणसावर उलटू शकतं, आणि हे नायिकेला रोज सांभाळावं लागतं.

प्रेमाच्या बाबतीत तर तुमच्यापेक्षा कडक बोलावंसं वाटतं. होडीवाल्याचं पत्र भिजतं, चेटकिणीला वाटतं त्याने लिहिलंच नाही, आणि ऐंशी पानं दोघं गप्प. एका वाक्यात मिटणारा गैरसमज ऐंशी पानं ताणला की वाचक चिडणारच. संशयकल्लोळातही गैरसमजच आहे, पण फाल्गुनरावाला खुलासा दिला तरी तो त्यातून नवा संशय काढतो. अडसर त्याच्या स्वभावातच आहे, म्हणून तो टिकतो. इथे दोघंही इतकी समजूतदार आहेत की त्यांना अडवणारं काही उरतच नाही. तिला गाव सोडवत नाही आणि त्याला हंगामाला बाहेर जावंच लागतं, एवढं जरी लेखिकेने धरून ठेवलं असतं, तरी मधला भाग तरला असता.

तरीही ही कादंबरी सुचवली ती बंदरासाठी, आणि ते मत कायम आहे. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून दुकान उघडायचं, खाऱ्या हवेने चहाची पानं सादळतात म्हणून डबे मेणाने बंद करायचे, ही प्रकरणं अस्सल आहेत. तेवढी वाचून बाकीचं सोडलंत तरी हरकत नाही.

पुढचं पुस्तक घेण्याआधी ई-पुस्तकाचा फुकट नमुना वाचा. किंडलवर साधारण पहिला दहावा हिस्सा मिळतो. तेवढ्यात पैसा, वेळ किंवा कसब यांपैकी कशाची तरी चणचण दिसली पाहिजे. जादू एकदा तरी फसली किंवा महागात पडली पाहिजे. नायक-नायिका भेटली असतील तर एखाद्या खऱ्या गोष्टीवर त्यांचं जमत नाही असं दिसावं. नुसती नोकझोक धरू नका, ती सगळेच लिहितात. यातलं काहीच नसेल तर पुढे ते उगवण्याची शक्यता कमी.

बाल्ड्रींचं पुस्तक तुम्हाला चालेल असं वाटतं. फक्त सुरुवातीचा बराच भाग जुन्या तबेल्याचं दुकान करण्यात, सुतारकामात जातो आणि प्रेम फार सावकाश येतं. प्रेमकथाच हवी असेल तर ते आत्ता घेऊ नका.