डिस्कवर कागद चिकटवणं बंद करा

आज परत तेच. कुणाच्या तरी लग्नाची डीव्हीडी, खालून एक ओरखडा नाही, पण वर नवरा-नवरीच्या फोटोचा कागद चिकटवलेला. मुहूर्त, सप्तपदी सगळं दिसतं, पाठवणीला अडकते. अडकणारच! कागद जरा तिरका बसला की फिरताना तोल जातो, गोंद सुकला की डिस्क किंचित वाकते, आणि कडेला हा फरक सगळ्यात जास्त पडतो. डीव्हीडी लिहिली जाते आतून बाहेर, म्हणून शेवटचा भाग आधी जातो. नाव घालायचंय ना? पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर घ्या, आणि तेही मधल्या पारदर्शक कड्यावर.

कोरी डिस्क घेताना खोक्यावरचं नाव बघून भुलू नका. तेच नाव वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालावर असतं. खरा बनवणारा कळतो मीडिया कोडवरून, तो बर्निंगच्या, म्हणजे डिस्क लिहायच्या, सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. आधी थोड्या घ्या, कोड बघा, एक लिहून तपासा, मगच पन्नास डिस्कचा गठ्ठा, म्हणजे स्पिंडल. ताइयो युडेन या चांगल्या डिस्क बनवणाऱ्या जपानी कंपनीने २०१५ च्या शेवटी डिस्क बनवणं थांबवलं, त्याची हळहळ अजून वाटते.

सोळा एक्स वेगाची डिस्क आठ एक्सवर, म्हणजे निम्म्या वेगाने लिहा. ४.७ जीबी म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबात ४.३८च, तीही काठोकाठ भरू नका, चुका कडेलाच जास्त होतात. आणि व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायची, खूण काढू नका हो! दहा मिनिटं वाचवायला लोक ती काढतात आणि आयुष्यातला एकुलता एक सोहळा घालवतात. त्या पाठवणीची दुसरी प्रत कुणाकडेच नाही.

पेनड्राइव्ह सोयीचा आहे, मान्य. पण चुकून पुसला जातो. एकदाच लिहिता येणारी डिस्क तशी पुसली जात नाही. फक्त तिला उन्हात टाकू नका, ज्या रंगाच्या थरात माहिती लिहिलेली असते तो आतला रंग उडतो. डबीत उभी, अंधारात ठेवा.

बिघडलेल्या डिस्क जाळू तर अजिबात नका, पॉलिकार्बोनेटचा धूर घातक असतो. खाजगी माहिती असेल तर सीडीचा चंदेरी थर वरच्या बाजूलाच असतो, ब्लेडने खरवडला की निघतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिथे खरवडून उपयोग नाही. जाड कापडात धरून मजबूत कात्रीने कापा, डोळ्यांवर चष्मा हवाच, कपचे काचेसारखे उडतात. तुकडे वेगळ्या पिशवीत भरा, आणि ई-कचरावाल्याला आधी विचारा, डिस्क घेता का? सगळे घेत नाहीत.