तिकीट ओळीनं विचारायचं असतं

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि चहा तसाच गार झाला. इकडच्या, अमेरिकेत फिनिक्सच्या, आमच्या मराठी मंडळाचा ग्रुप. चाललेलं काय, तर दिवाळीच्या फराळाची ऑर्डर. चकली भाजणीचीच हवी, अनारसे कोण खाणार, चिवडा पातळ पोह्यांचा असेल तरच आमचं नाव लिहा, वगैरे. आणि मध्येच एकाने व्हिडिओ टाकला. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाचं पार्किंग, तोंडाला मास्क लावलेली इमिग्रेशन खात्याची माणसं गाड्यांतून उतरतायत, रोजंदारीवाली पोरं पळतायत, एक जण ट्रॉलीला अडखळून तोंडावर पडतो. खाली हसून हसून रडणाऱ्या तीन इमोजी आणि वाक्य : "बरं झालं. आम्ही रांगेत उभं राहून आलोय." त्यावर अकरा अंगठे. मोजले मी. त्यातले दोन अंगठे अशा घरातले जिथे मी बारा वर्षं गणपतीच्या आरतीला जातोय.

आणि लगेच खालचा मेसेज, "शंकरपाळे अर्धा किलोच्या पॅकेटमध्ये मिळतील का?"

दिवसभर ऑफिसात डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितोय, इथे निदान आपली माणसं आहेत, तुम्हाला काही पटवायला नको.

काही जणांना माहितीये, पण परत सांगतो. जून २०१०. अण्णा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले, तेच शेवटचं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, रिटायर झालेले. त्यांना घेऊन सेडोनाचे लाल डोंगर बघून परत फिनिक्सकडे येत होतो. आमची जुनी कोरोला, मी चालवतोय, अण्णा बाजूला, पांढरा बुशशर्ट, पायात वहाणा. मागे निळे-लाल दिवे लागले. इंडिकेटर न देता लेन बदलली म्हणे. बदलली असेन, नाही म्हणत नाही. लायसन्स दिलं, इन्शुरन्स दिला. त्याने ते धड बघितलं पण नाही, वाकून अण्णांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ह्यांचे पेपर्स?

पासपोर्ट घरी बॅगेत, पापडांच्या खाली. अण्णांना तेवढं एकच कळलं की समोर वर्दीतला माणूस आहे आणि तो काहीतरी दाखवा म्हणतोय. त्यांनी खिशातून काय काढून द्यावं? एसटीचा रिटायर लोकांचा पास. लॅमिनेशन केलेला, कोपऱ्यात पिवळा पडलेला, सगळं मराठीत. त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला, परत उलटा धरला.

पाऊण तास. त्रेचाळीस डिग्री ऊन. बायको दोन वर्षांच्या पोरीला गाडीत घालून पासपोर्ट घेऊन येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. डांबर एवढं तापलेलं की वहाणेतून चटका बसत होता, अण्णा एकदा ह्या पायावर एकदा त्या पायावर असं करत होते, शेवटी मी विचारून गाडीतलं रबरी मॅट ओढून काढलं आणि त्यांना त्यावर उभं केलं. बायको आली, पासपोर्ट बघितला, "हॅव अ गुड डे." लेन बदलल्याचा दंड? केलाच नाही! मग थांबवलं कशाला होतं, बाबा?

तेव्हाचा काळ आठवतो का? एप्रिल २०१० ला आमच्या अॅरिझोनाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअरने एसबी १०७० ह्या इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली होती. ते गाजलेलं "पेपर्स दाखवा" कलम. पोलिसांनी कुठल्याही कारणाने थांबवलं आणि माणूस बेकायदा राहतोय असा 'वाजवी संशय' आला तर कागद तपासायचे. जुलैच्या शेवटी लागू होणार होता तो कायदा, आदल्या दिवशी कोर्टाने मुख्य भाग रोखला. म्हणजे आम्हाला थांबवलं तेव्हा तो लागूसुद्धा नव्हता. नुसत्या सहीचा वास आला तरी माणसं किती पुढे जातात बघा. पुढे २०१२ ला सुप्रीम कोर्टाने चारपैकी तीन कलमं उडवली पण हे ठेवलं, हे नेमकं!

वाजवी संशय म्हणजे काय ते मला कुणीतरी सांगा. अण्णांच्यात वाजवी संशय घेण्यासारखं काय होतं? रंग. मिशी. इंग्रजी न येणं. दुसरं काय होतं सांगा.

आणि आता ८ सप्टेंबर २०२५ ला, लॉस एंजेलिसच्या इमिग्रेशन धाडींच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने काय केलं? खालच्या कोर्टाने सांगितलं होतं की नुसता वंश, स्पॅनिश किंवा हेल काढून बोललेलं इंग्रजी, उभं राहायची जागा आणि कामाचा प्रकार एवढ्यावर माणूस अडवू नका. सुप्रीम कोर्टाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. सहा विरुद्ध तीन. जस्टिस कॅव्हनॉ लिहितात की जे कायदेशीर आहेत त्यांची विचारपूस साधारण थोडक्यात आटपते आणि ते लगेच सुटतात. थोडक्यात! साहेब, या एकदा जूनमध्ये, मी रबरी मॅट देतो, उभे राहा त्यावर थोडक्यात.

आणि ते "हेल काढून इंग्रजी" वाचलंत ना? अकरा अंगठेवाल्यांनो, आपलं इंग्रजी कसं आहे? मी सतरा वर्षं इथे आहे, अजून फोनवर माझं नाव तीनदा स्पेल करतो. हे कलम काय फक्त मेक्सिकोच्या माणसासाठी लिहिलंय असं वाटतं का तुम्हाला? रस्त्यावर आधी चेहरा दिसतो, ग्रीन कार्ड नंतर. ते खिशात असतं. रांगेत उभं राहून मिळवलेलं काही कपाळावर गोंदवून मिळत नाही.

हो, मान्य. सीमा पाहिजे, कायदा पाहिजे. बायडनच्या काळात सावळा गोंधळ होता, २०२३ च्या डिसेंबरात एका महिन्यात दक्षिण सीमेवर अडीच लाखांच्या आसपास लोक अडवले गेले, असं कुठलंच सरकार चालवून घेणार नाही. आणि आपली माणसं ग्रीन कार्डासाठी पंधरा पंधरा वर्षं लटकतात, त्यांना राग येतो, तो राग खोटा नाही. मला पण आलाय. पुढे चला.

रांगेचं कौतुक आपण कुणाला सांगतोय? आताच १९ सप्टेंबर २०२५ ला एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली तेव्हा ह्याच ग्रुपवर रात्री अडीच वाजता काय चाललं होतं? पुण्याला आईकडे गेलेला एक जण मिळेल त्या विमानाने मिळेल त्या भावात परत निघाला, आई दारात डबा घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी कळलं की फी फक्त नवीन अर्जांना. तोपर्यंत सगळ्यांची पाचावर धारण. तेव्हा नाही कुणी अंगठे दाखवले. आणि तो व्हिडिओ टाकणारा? त्याचंच व्हिसाचं स्टँपिंग बाकी होतं. त्या रात्री तो मला फोनवर म्हणाला, "आपण काय गुन्हेगार आहोत का रे?" तीन आठवडे पण झाले नाहीत.

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, हातकड्या, पायात साखळ्या. महाराष्ट्रातले पण होते त्यात. तेव्हा ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. हसणारी इमोजी कुठे ठेवली होती तेव्हा?

अण्णांचं राहिलं. त्या रात्री बाल्कनीत बसलो होतो, मी तावातावाने बोलत होतो, ह्या देशाचं असंच, तसंच. अण्णा गप्प. मग म्हणाले, "आरं, सगळ्या गाड्या थांबिवल्या हुत्या का?"

म्हटलं नाही, आपलीच.

"मग त्ये चेकिंग न्हवं."

मग त्यांनी सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला पाटणच्या गाडीत त्यांनी एका म्हातारीला फुकटी ठरवली होती. फाटकं लुगडं, अनवाणी, सीटवर न बसता खाली बसलेली. बाकी कुणाला विचारलं नाही, तिलाच सगळ्यांसमोर उठवून तिकीट मागितलं. ती पदराची गाठ सोडायला लागली तर हात थरथरत होते, गाठ सुटेना. सुटली तेव्हा आत घडी घातलेलं तिकीट. अण्णांनीच स्टँडवर फाडून दिलेलं. "माझंच पंच हुतं त्याच्यावर," म्हणाले. त्या दिवसापासून पहिल्या सीटपासून ओळीनं विचारायचं, सरपंच असो नायतर भिकारी असो, दांडीवर पंच टिकटिक वाजवत. मी विचारलं, पण अण्णा, चेहरा बघून कळतं ना फुकट्या कोण ते? म्हणाले, "कळतं की. पर चुकतं बी. आन् चुकलं की म्हातारी आयुष्यभर ध्यानात ऱ्हाती."

एकतीस वर्षं तिकीट तपासलेल्या माणसाला जे कळलं ते सहा न्यायमूर्तींना कळू नये.

आता पक्षांचं. दोन्हीकडचे मित्र इथे वाचतायत, दोघांनाही मिरच्या झोंबतील, झोंबू देत. रिपब्लिकन मित्रांनो, आपल्या फिनिक्सकडचा तेव्हाचा शेरीफ, जो अर्पायो, आठवतो ना? २०१३ ला फेडरल कोर्टाने स्पष्ट म्हटलं की ह्याच्या खात्याने लॅटिनो लोकांना वंशावरून अडवलं. त्या खटल्याची सुरुवात ज्याच्यापासून झाली तो तर व्हिसा घेऊन आलेला मेक्सिकन टुरिस्ट होता. माझ्या अण्णांसारखा! रांगेत उभा राहून आलेला! २०१७ ला अर्पायो कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी ठरला आणि महिन्याभरात ट्रम्पने माफी देऊन टाकली. आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला तुमचा विवेक रामस्वामी, त्याला तुमच्याच बाजूची लेखिका अॅन कोल्टर तोंडावर म्हणाली की तुझे विचार पटतात पण मत देणार नव्हते कारण तू इंडियन आहेस. तो हसून ऐकत बसला. तुम्ही पण तसेच बसणार का?

आणि डेमोक्रॅट मित्रांनो, तुम्ही फार टाळ्या वाजवू नका. १९९६ चा इमिग्रेशनचा कडक कायदा क्लिंटनच्या सहीचा. ओबामाने २०१२ च्या एका वर्षात चार लाखांवर लोक परत पाठवले, त्याला 'डिपोर्टर इन चीफ' त्याच्याच बाजूचे लोक म्हणाले. तेव्हा आपण काय करत होतो? त्याच्या व्हाइट हाउसमधल्या दिवाळीचे फोटो शेअर करत होतो. मी पण केला होता.

एक गोष्ट मात्र मला अजून बरी वाटते. एसबी १०७० ज्याने आणला तो रसेल पिअर्स, त्याला २०११ मध्ये त्याच्याच, फिनिक्सजवळच्या मेसाच्या मतदारांनी मुदतीआधी घरी बसवलं. आणि त्याला हरवणारा पण रिपब्लिकनच. म्हणजे माणसं पक्षात राहूनही नको म्हणू शकतात. पण त्याच मेसात ९/११ नंतर चार दिवसांनी बलबीरसिंग सोढींना त्यांच्या पेट्रोल पंपासमोर गोळ्या घातल्या, दाढी-पगडी बघून. त्यांचे कागद कुणी मागितले नव्हते.

तिकडे भारतातून हसणाऱ्यांसाठी पण एक ओळ. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-मीरा रोडकडून बंगाली मजूर बांगलादेशी म्हणून उचलले आणि सीमेपलीकडे ढकलले, मग त्यांच्यातले काही भारताचेच नागरिक निघाले म्हणून परत आणावे लागले. बांगला बोलतो एवढाच पुरावा. तेव्हा पण कुठल्यातरी ग्रुपवर अंगठे पडलेच असतील.

जरा पाणी पिऊन आलो. बायको म्हणते, एवढं चिडून लिहू नकोस, ह्याच लोकांकडे आपल्याला पाडव्याला जायचंय. बरोबर आहे तिचं.

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलोय. ह्या किश्श्यातली एक गोष्ट मी पंधरा वर्षं गाळतोय, दर वेळी. त्या माणसाने पेपर्स मागितले तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? हक्क नाही, कायदा नाही. मी म्हणालो, "सर, वुई आर नॉट मेक्सिकन." आणि पुढे कंपनीचं नाव, इंजिनिअर आहे, बॅज पण दाखवला. म्हणजे काय? की आम्हाला सोडा, त्यांना धरा, आम्ही ते नाही. त्याच्या डोक्यात जे होतं तेच माझ्या डोक्यात होतं, फक्त मी त्याच्या यादीतून माझं नाव खोडून मागत होतो. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण मेक्सिकन हा शब्द त्यांना कळला. रात्री पाटणच्या म्हातारीचं सांगून झाल्यावर उठता उठता म्हणाले, "तू त्याला काय म्हनलास रं? मेक्सिकन काय म्हनलास?" मी म्हटलं, काही नाही, त्याचा गैरसमज झाला होता.

त्यांनी पुढे विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बायकोकडून जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवून घेतली, नाडी लावलेली, त्यात पासपोर्ट, आणि ती गळ्यात. उरलेले सात आठवडे. सकाळी फिरायला जाताना, देवळात, जेवताना, एकदा तर अंघोळीला जाताना ती काढून नातीच्या हातात दिलेली मी बघितली. एसटीचा पास पण त्यातच.

ती नात आता सतराची आहे, शनिवार-रविवार आइस्क्रीमच्या दुकानात काम करते. इथेच जन्मलेली, चेहरा अख्खा अण्णांचा. मागच्या आठवड्यात सहज विचारत होती, पप्पा, पासपोर्ट बरोबर ठेवू का, का फोनमध्ये फोटो असला तर चालेल? मी म्हटलं काही गरज नाही. मग रात्री उठून तिच्या पर्समध्ये ठेवला.

तर सकाळी ग्रुपवर एक उत्तर लिहिलं होतं, चांगलं लांब. अण्णा, मॅट, पाटण सगळं. पाठवायच्या जागी बोट नेलं आणि खोडलं. फराळवाल्या वहिनी विचारत होत्या, ऑर्डर आजच बंद होणार, कुणाचं राहिलंय का. मी लिहिलं, "आमच्याकडे चकली एक किलो, चिवडा दोन."

त्या व्हिडिओवाल्याने माझ्या ऑर्डरला अंगठा दिलाय.