नेलं म्हणे त्यानं मला!

‘बायकोलाही घेऊन गेलास? मानलं बुवा तुला!’

परत आल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्यानं तोंड उघडलं तरी माझं डोकं फिरतं. घेऊन गेला म्हणजे काय? मी सामान आहे का? अमेरिकेतल्या अपालेशियन ट्रेल या लांबलचक डोंगरवाटेचा जॉर्जिया राज्यातला अख्खा टप्पा, स्प्रिंगर माउंटनपासून नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीपर्यंत, जवळपास १२६ किलोमीटर, मी आणि नवरा, आम्ही दोघं चाललो. नऊ दिवस लागले. त्याची पावलं त्यानं टाकली, माझी मी टाकली. मला कुणीही नेलेलं नाही.

आणि हे फक्त घरच्यांचं नाही, वाटेवरही तेच. मुक्कामाच्या शेल्टरपाशी कुणी भेटलं की त्याला विचारणार, ‘आज किती चाललात? उद्या कुठवर? पाणी कुठं मिळेल?’ आणि मला विचारणार, ‘दमला नाहीत ना?’ अरे, पाण्याच्या जागा त्याला विचारून काय उपयोग? त्या सगळ्या मी काढल्या होत्या! कुठला झरा वाटेला लागून आहे, कुठल्यासाठी झाडांवर निळे पट्टे रंगवलेल्या आडवाटेनं खाली उतरावं लागतं, हे माझ्या वहीत होतं. तो बिचारा माझ्याकडे बघायचा, मी उत्तर द्यायचे आणि विचारणारा मान त्याच्याकडे वळवून म्हणायचा, ‘थँक्स, मॅन.’ एकदा नाही, तीनदा घडलंय हे.

आता ब्लड माउंटनचं ऐका. जॉर्जियातल्या ट्रेलवरची ही सगळ्यात उंच जागा, १,३५९ मीटर. तिथं जॅरार्ड गॅप ते नील गॅप या दोन खिंडींमधल्या पट्ट्यात १ मार्च ते १ जून मुक्काम करायचा, तर अन्न ठेवायला अस्वलाला फोडता न येणारा कडक डबा जवळ असावाच लागतो. आमच्याकडे तो नव्हता. म्हणून आदल्या रात्री अलीकडे लान्स क्रीकपाशी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढून थेट नील गॅपला उतरायचं, हे मी आखलं होतं. त्या रात्री गारठा असा की पाणी गोठेल अशी भीती. पाणी गाळायचा फिल्टर एकदा आतून गोठला की त्यातल्या बारीक नळ्या फुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि आपण खुशाल घाण पाणी पीत राहतो. म्हणून तो ओला, थंडगार फिल्टर पिशवीत घालून रात्रभर माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी ठेवला होता. ‘त्याच्या जिवावर’ ट्रेक करणारी बाई हे करत होती!

दुसऱ्या दिवशी उतारावर नवऱ्याचा गुडघा गेला. मोठमोठ्या कातळांवरून उतरताना एकेक पाऊल तो आडवा होऊन, काठ्यांवर भार देऊन टाकत होता. खाली पोचल्यावर मी टेंट आणि त्याच्या वाटणीचं सगळं जेवण माझ्या सॅकमध्ये भरलं. माझी सॅक अकरा किलोंवरून पंधरावर गेली. कमरेचा पट्टा इतका आवळला होता की दोन्ही बाजूंना कातडं सोलवटलं. आजही तिथं तपकिरी डाग आहेत. पुढचे दोन दिवस मी तशीच चालले. त्यात मोठं काहीच नाही. माझा गुडघा गेला असता तर त्यानंही हेच केलं असतं. दोघं मिळून चालणं म्हणजे हेच.

पण संताप कशाचा येतो सांगू? हे सगळं तो स्वतः सांगतो. प्रत्येकाला सांगतो, की दोन दिवस माझं ओझं हिनं वाहिलं, नाहीतर मी नील गॅपलाच गाडीत बसलो असतो. आणि लोक काय म्हणतात? ‘बघा, किती मोठं मन! सगळं श्रेय बायकोला देतो.’ म्हणजे खरं सांगितलं तरी मोठेपणा त्याचाच. मी काय करायचं मग? कमरेवरचे डाग दाखवत फिरायचं?

त्यावर आणखी कडी म्हणजे, ‘टप्पाच केलात ना? एकटा असता तर पूर्ण ट्रेल मारला असता यानं.’ तीन हजार पाचशे किलोमीटरच्या वर आहे तो, चौदा राज्यांतून जातो. सलग चालायला साधारण पाच ते सात महिने लागतात, आणि सलग जायचं ठरवून निघालेल्या चारातले तीन जण मधेच सोडतात. आम्हाला रजा होती पंधरा दिवसांची, दोघांनाही. त्यात माझा काय अडथळा? हा अख्खा ट्रेल ज्यानं सगळ्यात आधी चालून पूर्ण केला, त्या मायरन एव्हरीनं १९३६ मध्ये तो टप्प्याटप्प्यानंच संपवला होता, तेही अंतर मोजायचं चाक ढकलत. आणि एमा गेटवूड, अकरा मुलांची आई, १९५५ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी एकटी सलग चालली. १९५७ मध्ये पुन्हा चालली. तिसऱ्यांदा, १९६४ मध्ये, तुकड्यातुकड्यानं पूर्ण केला. तिला कुणी नेलं होतं?

हद्दीवर झाडाला ठोकलेली ती छोटीशी लाकडी पाटी दिसली तेव्हा आम्ही दोघंही तिला हात लावून उभे राहिलो. बोलायला काही सुचतच नव्हतं. मला रडू आलं, त्यालाही आलं. पुढच्या रस्त्यावर न्यायला आलेल्या गाडीवाल्यानं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आता घरी जाऊन आराम करा.’ इतकी चीड आली की हद्दीवरचं ते सगळं सुख दोन मिनिटांत आंबलं. हे मी विसरणार नाही.

काल एका काकांचा फोन आला. पुढचा टप्पा कधी, म्हणून यालाच विचारत होते. ‘तारखा तिच्याकडे आहेत, तिलाच विचारा,’ म्हणत त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी तारखा सांगितल्या, नॉर्थ कॅरोलायनात कुठून कुठपर्यंत जायचं ते सांगितलं, रोजची अंतरं सांगितली. काका म्हणाले, ‘बरं बरं. दे जरा त्याला, त्याचं नक्की काय ठरलंय ते विचारतो.’