यादीतली दुसरी ओळ

आमच्या लॉच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी शांत असतो. वाढदिवस, कुणाच्या मुलीची ॲडमिशन, दिवाळीचे फोटो. गेल्या आठवड्यात मात्र तिथे दोन दिवस चांगलीच जुंपली. साताऱ्याला वकिली करणारा एक मित्र संविधान दिनासाठी स्मरणिका काढतोय. कायदा शिकून नाव काढलेल्या मराठी माणसांची यादी त्यात आहे. यशवंत विष्णू चंद्रचूड यांचं नाव तिथे आहे, असायलाच हवं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी, १९७८ ते १९८५ देशाचे सरन्यायाधीश. इतकी वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कुणीच बसलेलं नाही. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यांनी लिहिलं.

ग्रुपमधल्या एकीने सुचवलं की नावापुढे आणखी एक ओळ घाला: १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात ते बहुमताच्या बाजूने होते. झालं! ‘गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत.’ ‘गौरवाच्या पानावर हे कशाला?’ ‘तेव्हाचा काळ आजच्या चष्म्यातून बघू नका.’ मी त्या ओळीच्या बाजूने लिहिलं, तर उत्तर आलं, ‘तू तिकडे अमेरिकेत बसून बोलतेस, तुझं काय जातंय?’

काय जातंय ते आधी सांगते. माझे काका शाळामास्तर. आणीबाणीत त्यांना मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवता येणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात नेलं, आरोप काय ते सांगितलं नाही. काकूने दागिने मोडून मुंबई हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा, अर्ज केला. देशातली नऊ हायकोर्टं तेव्हा असे अर्ज ऐकून घेत होती. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने याच एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टाचं दारच ठोठावता येणार नाही. वकिलांनी काकूचे कागद परत केले. तुरुंगाचा शिक्का मारलेली काकांची कार्डं आणि तो अर्ज अजून तिच्या ट्रंकेत एकाच सुतळीने बांधलेले आहेत.

आता इथलं. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते आणि खाडीपलीकडे बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लॉ स्कूल आहे. विद्यापीठ सरकारी. तिथून पास झालेल्यांत सगळ्यात मोठं नाव अर्ल वॉरन यांचं. बाप रेल्वेचा कामगार, संपात काळ्या यादीत गेलेला. १९१४ साली मुलगा वकील झाला, पुढे राज्याचा ॲटर्नी जनरल, मग गव्हर्नर आणि १९५३ ते १९६९ अमेरिकेचा सरन्यायाधीश. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, हा १९५४ चा निकाल त्यांचा. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका बाजूला आणले त्यांनी. वकील करायला पैसे नसलेल्या आरोपीला सरकारने वकील द्यायचा, अटक केलेल्याला गप्प राहण्याचा हक्क आहे हे पोलिसांनी सांगायचं, हे सगळं त्यांच्याच कोर्टातलं. माझ्या मते गेल्या शतकात सामान्य माणसासाठी इतकं काम केलेला न्यायाधीश अमेरिकेत दुसरा नाही.

आणि याच वॉरन यांनी ॲटर्नी जनरल असताना, फेब्रुवारी १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, संसदीय समितीपुढे नकाशे ठेवून सांगितलं की जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हलवा. घातपात तर एकही झाला नव्हता. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की घातपात झाला नाही हीच सर्वांत काळजीची गोष्ट. जवळपास १,२०,००० माणसांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते.

माझी रोजची ट्रेन सॅन ब्रूनोला थांबते. स्टेशनाशेजारी पूर्वी तान्फोरानचं रेसकोर्स होतं. सुमारे आठ हजार माणसं तिथे कोंडली होती, कित्येक कुटुंबं घोड्यांच्या तबेल्यात. भिंतींना चुना फासलेला, पण उन्हाळ्यात लिदीचा वास यायचाच. आता स्टेशनाबाहेर दोन लहान मुलींचा पुतळा आहे. १९४२ च्या ज्या फोटोवरून तो घडवला, त्यात मुलींच्या कोटांना चिठ्ठ्या अडकवलेल्या आहेत, आपण सामानाला लावतो तशा. माझी धाकटी सहा वर्षांची असताना त्या पुतळ्यापाशी थांबून म्हणाली, ‘या कुठे निघाल्यात?’ मला पटकन उत्तर देता आलं नाही.

फ्रेड कोरेमात्सू नावाच्या ओकलंडच्या तरुण वेल्डरने जायला नकार दिला. त्याला अटक झाली, तान्फोरानलाच ठेवलं, आणि १९४४ साली सुप्रीम कोर्टात तो सहा विरुद्ध तीन असा हरला. विरोधात लिहिणाऱ्या तिघांत फ्रँक मर्फी होते. हे वंशद्वेषाच्या गर्तेत पडणं आहे, असं त्यांनी सरळ लिहून ठेवलं. मर्फी मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे. तेही सरकारी विद्यापीठ आणि पास झाल्याचं सालही तेच, १९१४. काळ एकच, शिक्षण एकाच तऱ्हेचं. ‘तेव्हाचा काळ’ म्हणणाऱ्या मित्रांना मी हेच विचारते: जबलपूर खटल्यात त्याच दिवशी, त्याच खंडपीठावर बसून न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधात लिहिलं ते कुठल्या काळात? त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. पुढल्या वर्षी त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं.

पुढचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दडवलेले सरकारी कागद सापडल्यावर १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने कोरेमात्सूची शिक्षा रद्द केली. त्याच्या वकिलांच्या तुकडीचे प्रमुख होते डेल मिनामी, बर्कलीच्याच लॉ स्कूलमधून १९७१ साली बाहेर पडलेले. ज्या शाळेच्या विद्यार्थ्याने माणसं हलवा म्हणून सांगितलं, त्याच शाळेच्या विद्यार्थ्याने चाळीस वर्षांनी ते खोडून काढलं. तिथे वॉरन यांच्याबद्दल आदराने बोलतात आणि १९४२ ही सांगतात. त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय की त्याचा आपल्याला मनापासून पश्चात्ताप होतो. ते पुस्तक आलं त्यांच्या मृत्यूनंतर.

इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. त्या लॉ स्कूलच्या इमारतीला शंभरेक वर्षं जॉन बोल्ट यांचं नाव होतं. चिनी लोकांना देशात येऊ देऊ नये म्हणून त्यांनी १८७७ साली केलेलं भाषण त्यांच्या नावाच्या त्या इमारतीत कुणी वाचत नव्हतं. नाव उतरायला २०२० उजाडलं. कोरेमात्सूचा निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलं, तेही काही मुस्लिम देशांच्या लोकांवरची प्रवेशबंदी कायम ठेवताना. आणि वॉरन शिकले तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मुलाला शिकवणीची फी नव्हती; आज रेल्वे कामगाराच्या मुलाला तिथे डोक्यावर कर्ज घेऊनच शिकावं लागेल. आपल्याकडे सरकारी लॉ कॉलेजात अजून काही हजारांत शिकता येतं. ते टिकवा, असं मी तळमळीने सांगेन.

पण चूक नोंदवण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी, आणि त्यासाठी लागणारं सगळं आपल्याकडे आहे. जबलपूरच्या बहुमतातले न्यायमूर्ती भगवती, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे. आपलं चुकलं, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय, दिल्ली विद्यापीठात कायदा शिकलेले. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काचा निकाल लिहिताना त्यांनी वडिलांचा तो निकाल गंभीर चूक ठरवून बाजूला काढला. मुलाला निकालपत्रात लिहिता आलं ते आपल्याला स्मरणिकेत छापायला जड का जावं? तो निकाल आला त्या दिवशी मी काकूला फोन केला होता. तिने विचारलं, ‘म्हणजे आता अर्ज ऐकतील?’ काका जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

स्मरणिका शुक्रवारी छापायला जातेय. मी मित्राला मजकूर पाठवलाय: ‘यशवंत विष्णू चंद्रचूड. आयएलएस लॉ कॉलेज, पुणे. भारताचे सरन्यायाधीश, १९७८ ते १९८५. फुटपाथवासीयांच्या खटल्याचा निकाल, १९८५. एडीएम जबलपूर खटल्यात बहुमताच्या बाजूने, १९७६. तो निकाल २०१७ मध्ये रद्द.’ जागा कमी पडत असेल तर माझी जाहिरात काढ, असंही कळवलंय.