महागडा सिगार आणि आपला एप्रिल

मंडळी, हल्ली लग्नाच्या लॉनवर, प्लॉटिंगवाल्यांच्या पार्ट्यांत आणि दुबईहून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगेत सिगार दिसायला लागलेत. मागोमाग प्रश्न येतोच: पाच-सहा हजारांचा एक सिगार खरंच तेवढ्याचा असतो का? माझं मत आधीच सांगून टाकतो. एका टप्प्यापर्यंत पैसा पानाला जातो, त्यापुढे तो नावाला आणि सरकारला जातो. आणि मराठवाड्यात राहून ठेवायची नीट सोय केली नसेल, तर सिगार हजाराचा असो की दहा हजारांचा, मे महिन्यात दोन्ही सारखेच कडू लागतात.

आधी पानाचं बघू. हाताने वळलेल्या सिगारमध्ये आत फिलर म्हणजे भरणाची पानं, त्यांना आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर आणि वरून गुंडाळलेलं पान म्हणजे रॅपर. फिलरची पानं झाडावर कुठल्या उंचीला होती यावरून त्यांची नावं. खालचं व्होलादो, छान जळतं पण चवीला हलकं. मधलं सेको, वास बहुतांश त्याचाच. वरचं लिगेरो, जास्त ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारं. म्हणून लिगेरो नेहमी मधोमध घालतात. वळणाऱ्याने ते एका अंगाला सारलं, की ती बाजू मागे राहते आणि दुसरी पुढे जळत जाते. मग ओढणारा बिचारा लायटर घेऊन दुरुस्ती करत बसतो.

तोडलेली पानं शेडमध्ये साधारण दीड-दोन महिने टांगून वाळवतात. नंतर थप्प्या रचून आंबवतात. थप्पी आतून तापते, अमोनिया उडून जातो, जिभेला झोंबणारा तिखटपणा उतरतो. फार तापायच्या आत ती मोडायची, आतली पानं बाहेर, बाहेरची आत, आणि पुन्हा रचायची. लिगेरोला हे सगळ्यात जास्त वेळ करावं लागतं, वर मुरायला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात. स्वस्त सिगार फसतो तो इथेच. नाकात झोंबलं, डोकं धरलं, तर समजायचं की कुणीतरी घाई केली आहे.

रॅपरचं पान सगळ्यात महाग, कारण ते डागाचं, भोकाचं, जाड शिरेचं चालत नाही. क्युबात आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये त्यासाठी अख्ख्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात. इक्वाडोरमध्ये ढगच सावली धरतात, कापडाचा खर्च वाचतो. मग वळणारा हात. तयार कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगार वळतो.

हा सगळा खर्च खराच आहे, त्याबद्दल पैसे द्यायला माझी ना नाही. पण निकाराग्वातल्या एस्तेलीचा किंवा डोमिनिकन रिपब्लिकचा, आपल्याकडे हजार-दीड हजाराला मिळणारा चांगला सिगार घेतला, तर त्यात हे सगळं आलेलं असतं. मुरवलेली पानं, अखंड लांब फिलर, नीट रॅपर, सगळं. सहा हजारांच्या सिगारमध्ये कारागीर चौपट वेळ घालत नाही.

मग वरचे साडेचार हजार कशाचे? क्वचित एखाद्या खऱ्या दुर्मिळ गोष्टीचे. 2010 मध्ये आलेल्या कोहिबा बेहिके या क्युबन सिगारमध्ये मेदियो तिएंपो नावाचं पान असतं, लिगेरोच्याही वरचं, आणि ते प्रत्येक झाडाला येत नाही. ते महाग का, हे कळतं. पण 2022 मध्ये हाबानोस या क्युबन कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या आपल्या दोन ब्रँडचे जगभरचे भाव हाँगकाँगच्या पातळीवर नेले. कित्येक देशांत तोच सिगार रातोरात दुपटीवर गेला. पान तेच, कारागीर तोच, पेटी तीच. वाढलेला पैसा चवीचा नाही, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला? त्यात आपल्याकडे सीमाशुल्क आणि वर जीएसटीचा सगळ्यात चढा दर. म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या दुकानातली किंमत बघून सिगारचा दर्जा ठरवणं हा शुद्ध भाबडेपणा.

आता आपल्या हवेकडे येऊ. हाताने वळलेल्या सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा 42-43 वर आणि हवेतला ओलावा 15-20 टक्क्यांवर. अशा हवेत उघडा ठेवलेला सिगार दोन-तीन दिवसांत कुरकुरायला लागतो. पानातलं पाणी जातं, त्यामागे तेलं जातात. पाणी परत भरता येतं, तेल नाही. पानटपरीच्या काचेत ट्यूबलाइटखाली उभा असलेला सिगार म्हणूनच फुकटसुद्धा घेऊ नये.

कूलरच्या खोलीत ठेवणारे वेगळंच नुकसान करतात. रात्री कूलर चालू, आर्द्रता चढली. सकाळी बंद, उतरली. रॅपर रोज फुगतो, रोज आकसतो आणि आठवड्यात उभा चिरतो. फ्रिजमध्ये ठेवणारे तर धन्यच. फ्रिज हवा कोरडी करतो, आणि शेजारी मेथी-लसूण असेल तर तंबाखू तो वास आनंदाने पिऊन घेतो.

सोय साधी आहे. रबरी कडेचा, घट्ट बसणारा प्लास्टिकचा खाऊचा डबा घ्या, नवा, वास नसलेला. त्यात 65 टक्क्यांचं दुतर्फी आर्द्रता पाकीट टाका. बोव्हेडा कंपनीचं 60 ग्रॅमचं एक पाकीट 25 सिगारना पुरतं. ओलावा कमी झाला की ते सोडतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा 80-85 टक्क्यांवर गेली की शोषून घेतं. जवळ छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर चार थेंब पाणी टाका, मीठ ओलं व्हावं, विरघळू नये. ते आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. मापकाने 75 आकडा दाखवायला हवा. 70 दाखवला तर तो पाच कमी सांगतो, तेवढं मनात धरून चाला.

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलाव्यात ठेवायची पेटी, दिसायला झकास, पण स्वस्तातल्यांची झाकणं नीट बसतच नाहीत. शिवाय नवं लाकूड स्वतःच पाणी पितं. 84 टक्क्यांची पाकिटं घालून दोन आठवडे रिकामं ठेवल्याशिवाय त्यात सिगार ठेवले, तर लाकूड सिगारमधलंच पाणी ओढतं. आपल्या कोरड्या हवेत डबाच बरा.

वाळलेला सिगार वाचवायचा असेल तर ओलं फडकं, सफरचंदाची फोड, बटाटा, हे प्रकार करू नका. बुरशी येते. शिवाय फिलर झपाट्याने फुगतो आणि बाहेरचा ताणलेला रॅपर फाटतो. आधी 62 टक्क्यांच्या पाकिटासोबत दोन आठवडे, मग 65 वर पुढचे दोन-तीन. तरी वास अर्धाच येईल.

ओलावा सांभाळला तरी उष्णता उरतेच. तापमान 24-25 अंशांच्या वर राहिलं की पानात असलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात. हा बारीक तपकिरी किडा आपल्याला परका नाही, वसमत-हिंगोलीकडे साठवलेल्या हळदीला पोखरणारा तोच. सिगारवर टाचणीएवढी गोल भोकं आणि तळाशी बारीक भुगा दिसला, तर तो सिगार फेका आणि उरलेले झिप पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये असे फिरवा. फ्रिजचे टप्पे गाळले तर थंडीच्या धक्क्याने रॅपर तडकतो. एसीची खोली नसेल, लाइट जात असेल, तर उन्हाळ्यात साठा करूच नका. भिंतीतलं खालचं, पश्चिमेला नसलेलं कपाट त्यातल्या त्यात बरं.

नकलीचंही बोलायला हवं. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुणी दाखवली, तर हात जोडून निघा. खऱ्या क्युबन पेटीच्या तळाला भाजून उठवलेला शिक्का असतो, कारखान्याचा संकेत आणि महिना-साल असतं, आणि हमीच्या पट्टीवरचा क्रमांक हाबानोसच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कायदेशीर मार्गाने आलेल्या मालावर आपल्याकडचा 85 टक्के जागेतला धोक्याचा इशारा आणि छापील किंमत हवी. नसेल, तर तो चोरटा तरी आहे किंवा खोटा तरी. लग्नात ताटात मांडून वाटले जाणारे ‘क्युबन’ किती खरे असतात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

‘महागडा सिगार शरीराला कमी लागतो’ हे ऐकलं की मात्र हसावं की रडावं कळत नाही. रोबुस्तो म्हणजे आखूड-जाड आकाराच्या सिगारमध्ये साधारण 10-12 ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने तो आत न ओढताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. उपाशीपोटी ओढणाऱ्याला घाम फुटतो, उलटी होते, ती त्यामुळेच. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाला किंमतीची चिठ्ठी वाचता येत नाही.

तरीही कुणाला किंमतीची परीक्षा घ्यायचीच असेल, तर आकार एकच ठेवा, सगळे रोबुस्तो. एक आठशेचा, एक दीड हजाराचा, एक सहा हजारांचा. महिनाभर एकाच डब्यात मुरू द्या. मग दुसऱ्या कुणाला तरी सिगारवरच्या नावाच्या पट्ट्या काढून खुणा करायला सांगा. टोपीच्या, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचे जेमतेम दोन मिलिमीटर कापा, खाली गेलात तर रॅपर उलगडतो. मिनिटाला एकच झुरका, घाई केली की महागडाही कडू होतो. तीन वेगळ्या दिवशी, जेवणानंतर, आणि गुण कागदावर. आठशेचा ओळखू येईल. दीड आणि सहा हजारांतला फरक पट्टीशिवाय सांगणारे फार थोडे निघतील, आणि त्यातलेही काही उलटा सांगतील.

आणि मागवायचेच असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी मागवा. मे महिन्यात कुरिअरच्या बंद गाडीत दुपारभर उभा राहिलेला खोका लातूर-नांदेडला पोचेपर्यंत आतला माल शिजलेला असतो, आणि ‘उन्हाने खराब झाला’ म्हणून पैसे परत देणारा दुकानदार भेटणं कठीण.