पूर्ण खात्री होईपर्यंत काहीही न करण्याची कला

हवामानबदलाविषयी काही करण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ते माझे नव्हे. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडले. तळमजल्यावरच्या मीटरपेट्या पहिल्या मजल्यावर हलवाव्यात, हा एक. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांच्यापुरते सौर पॅनेल गच्चीवर बसवावेत, हा दुसरा. दोन्ही ठराव चाळीस मिनिटांत इतक्या कौशल्याने गाडले गेले की, ती विद्या बडोद्यातल्या आमच्या विश्वामित्री नदीच्या काठीच राहून जाणे मला बरे वाटले नाही.

सर्वांत आधी, 'पण शास्त्रज्ञांना तरी नक्की ठाऊक आहे का?' असे विचारावे आणि उत्तराला मुळीच थांबू नये, कारण उत्तर मिळण्याचा धोका असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी तापते, हे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडले, तेव्हा बडोद्यात सयाजीराव महाराजांचे राज्य होते. आजची तापमानवाढ माणसामुळेच आहे, यात शंका उरलेली नाही, असे आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने, २०२१ मध्ये लिहून दिले. अनिश्चितता उरली आहे ती 'किती' आणि 'केव्हा' यांची. 'किती'विषयीची ही शंका आपण बिनदिक्कत 'आहे की नाही' या खात्यावर जमा करावी; सभेतल्या बहुतेकांना तो फरक कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्यांना घरी जायची घाई असते.

कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाले तर तापमान बहुधा अडीच ते चार अंशांनी वाढेल, असा अंदाज कोणी वाचून दाखवलाच, तर अडीचवर बोट ठेवावे आणि चार आले की चष्मा पुसायला काढावा.

चीन आणि अमेरिका यांची नावे दर दहा मिनिटांनी घ्यावीत.

खर्चाचा आकडा मोठ्याने वाचावा. केंद्र सरकारच्या सौरऊर्जेसाठीच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते, ही ओळ वाचताना खोकला यावा.

यानंतरची युक्ती हुकमी आहे, ती म्हणजे एका कारणाने दुसरे कारण कापणे. मी २०२४ च्या पुराचा विषय काढताच आमच्या सभेतले एक निवृत्त अभियंते उठले आणि म्हणाले की, तो पूर हवामानामुळे आलाच नव्हता, नदीकाठची कोतरे, म्हणजे पुराचे पाणी सामावणाऱ्या घळी, बुजवल्यामुळे आला होता. टाळ्या पडल्या. कोतरे बुजली, नदीच्या अंगावर इमारती चढल्या, हे मी नाकारतच नाही. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे वरून ओतायला पाणी जास्त आणि खाली नदीला पसरायला जागा कमी. ही दोन कारणे एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांच्या खांद्यावर चढतात. बरे, कोतरांचा एवढा कळवळा असलेल्या याच सद्गृहस्थांनी गेल्या वर्षी आमच्या मागचा नाला झाकून त्यावर पेव्हर ब्लॉक घालण्याचा आणि चार गाड्यांची सोय करण्याचा ठराव मांडला होता! त्यांतली एक गाडी त्यांची. तिचे इंजिन पाण्यात बुडाल्यास भरपाई मिळावी म्हणून जादा हप्ता भरून त्यांनी विमाही घेतला आहे. पुढच्या वर्षी पूर येणारच, हे त्यांना कोणत्या शास्त्रज्ञाने शपथेवर सांगितले होते? गाडीसाठी नुसती शक्यता पुरते आणि मीटरपेटीसाठी मात्र शंभर टक्के पुरावा लागतो. गोकुळाष्टमीच्या त्या पावसानंतर विश्वामित्री ३५ फुटांवर गेली, धोक्याच्या खुणेच्या नऊ-दहा फूट वर. नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या, पेट्या बुडाल्या आणि आम्ही तीन दिवस अंधारात काढले. माझ्या आईचे इन्सुलिन मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवले होते आणि दर दोन तासांनी फडके भिजवत होतो. हे मी सभेत सांगितले, तेव्हा चहा आला.

अभ्यास समिती नेमावी. आमची समिती ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर नेमलेली आहे आणि ती अजून अभ्यास करते आहे.

'आपल्या आठ पॅनेलांनी हिमालयातला बर्फ वितळायचा थांबणार आहे का?' हा प्रश्नही प्रभावी ठरतो. गणपतीच्या वर्गणीला मात्र तो लावू नये, नाहीतर मांडव उभा राहायचा नाही.

'संपूर्ण शास्त्रीय खात्री नाही' या सबबीवर उपाय लांबवू नयेत, हे तत्त्व १९९२ मध्ये रिओच्या परिषदेत जगातल्या देशांनी मान्य केले, तेव्हा भारतही तिथे होता. मी हे सांगितल्यावर आमचे सेक्रेटरी म्हणाले, 'आपली सोसायटी नव्हती.' हे उत्तर जसेच्या तसे वापरण्यास हरकत नाही.

ही सभा सयाजीराव महाराजांच्या तसबिरीखाली भरते. पुढच्या वर्षी पाऊस दगा देईल याची लेखी हमी मागत महाराज बसले असते, तर आजव्याचा तलाव झाला नसता आणि त्याचे पाणी पिऊन तुम्हाला हे बोलताही आले नसते.

अहो, तुम्हाला शंका वगैरे काही नाही. ज्याला शंका असते तो उत्तर ऐकायला बसतो. तुम्ही कप उचलून दाराशी गेलात. तुम्हाला वर्गणी काढायची नाही, तर तसे सरळ म्हणा, शास्त्रज्ञांना मध्ये घालू नका. अंदाज चुकला तर तो तुमच्या सोयीच्या बाजूलाच चुकेल, हे तुम्हाला कोणी सांगितले? वर गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके खाली येत नाही, त्यामुळे 'आधी बघू, मग करू' म्हणताना तुम्ही नातवंडांच्या नावावर उधारी करता आहात. आणि त्या सभेत एकमताने मंजूर झालेला एकुलता एक ठराव कोणता, तर जिन्याखालच्या भिंतीवर राहिलेली पुराची रेघ वाईट दिसते, म्हणून ती रंगवून टाकण्याचा! रंगारी सोमवारी येणार आहेत. त्याआधी खाली या, त्या रेघेशेजारी उभे राहा, ती तुमच्या कुठपर्यंत येते ते बघा आणि मग त्या इतिवृत्तावर सही करा.