बेसबॉल न खेळलेल्यांचे हाल

अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल आमच्याकडे रात्री साडेआठला, म्हणजे बरोबर कुकरच्या शिट्टीला येतो. शिट्टीचं काही नाही, म्यूटवर भागतं. छळतो तो बेसबॉल.

'जस्ट टचिंग बेस' म्हणत गडी सुरू होतो. म्हणजे सहज चौकशी. तशी ती कधीच सहज नसते. मग त्याला 'बॉलपार्क' आकडा हवा असतो. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा कुंपणाच्या आत कुठेही पडला तरी चालेल, असा त्याचा उदार अर्थ. आपण भाबडेपणाने अंदाजपंचे काहीतरी सांगतो आणि पुढच्या महिन्यात तोच आकडा करारात पै-पैशासकट बसलेला दिसतो. मध्येच 'कर्व्हबॉल' येतो, म्हणजे ध्यानीमनी नसताना गळ्यात पडलेलं काम. शेवटी सगळ्यांनी 'स्टेप अप टू द प्लेट' करायचं. प्लेट म्हटली की आम्हाला मिसळ आठवते. इथे ती फलंदाजाची जागा. थोडक्यात, शनिवार-रविवार गेला.

वन टप्पा आउट खेळून मोठी झालेली आम्ही माणसं, हिंजवडीत बसून 'अ‍ॅब्सोल्यूटली' म्हणत माना डोलावतो. खरी मीटिंग नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर: "तो नक्की काय म्हणाला रे?"

आमच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा क्रिकेटने उट्टं काढायचं ठरवलं. 'वुई आर ऑन अ स्टिकी विकेट,' ते ऐटीत म्हणाले. पावसात भिजून उन्हात वाळत चाललेली खेळपट्टी, चेंडू वाट्टेल तसा उसळणार, फलंदाजाची पंचाईत; केवढा अर्थ! पलीकडे सामसूम. मग उत्तर आलं, "कुठलं तिकीट? नंबर पाठवा, बघतो." (आयटीत तक्रारीच्या नोंदीला तिकीट म्हणतात.)

'हॅट-ट्रिक' तेवढी त्याला कळते. 1858 साली शेफील्डला एच. एच. स्टीफनसनने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी टिपले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी घेऊन दिली. आमच्याकडे बिनवर्गणीची घालतात.

परवा प्रोजेक्ट वेळेत गेला. क्लायंट खूश. 'यू गाइज नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क!' बाकीचे टाळ्या वाजवत होते, मला धडकी भरली. आमच्या गल्लीत चेंडू कंपाउंडबाहेर मारला की आउट, वर तो आणायलाही मारणाऱ्यानेच जायचं. सोमवारी मेल आला: फेज टू, हीच टीम.